अंधारात दिसायचं की लपायचं?

(तालुक्याच्या महिला शिबिरातील भाषण)



मला 'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय मोठा आहे. मी आपली आमच्या गावातून हायवेला मिळणाऱ्या दीड किलोमीटर डांबरी रस्त्याबद्दलच बोलते.

कराडकडच्या आमच्या गावातल्या 9 मुली पोलीस भरतीची तयारी करतात. मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं. सकाळी सातला कॉलेजची एस.टी., संध्याकाळी भाकऱ्या आणि धारा. म्हणजे धावायचं पहाटे पाचला. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात. मी त्यांच्याबरोबर जाते. धावत नाही, वय 52 आहे, मागून भराभर चालते.

पहिल्या दिवशी बघते तर सगळ्या काळ्या नाहीतर गडद निळ्या कपड्यांत, वर तशीच ओढणी. म्हटलं, असं का? एकजण म्हणाली, "कुणाच्या नजरेत यायला नको, काकी." आणि हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या! आठवडाभरात एक ट्रॅक्टर आमच्या एका मुलीपासून वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला तो थरथरत होता. म्हणाला, "बाई, मला कुणी दिसलंच नाही." तो खोटं बोलत नव्हता.

आपल्याला गाडीचे दिवे लांबून दिसतात म्हणून वाटतं, ड्रायव्हरलाही आपण दिसतोय. तसं नसतं. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे येते. माणूस दिसल्यापासून ती थांबेपर्यंत 40 मीटर तरी जातात. दिवे डिपरवर असले तर गडद कपड्यातली मुलगी बऱ्याचदा त्याच्याही आत आल्यावर दिसते.

स्टँडजवळच्या नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमची पट्टी आणली. नुसती चकचकीत पट्टी घेऊ नका. अंधारात बॅटरी डोळ्याजवळ धरून लांबून पट्टीवर मारा, पेटल्यासारखी दिसली तरच ती खरी. आम्ही ती कापडावर शिवली, इलॅस्टिक लावलं आणि घोट्यांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर बांधली. नुसती छातीवर नको. छातीवरची पट्टी मैलाच्या दगडासारखी वाटते. हलणारे सांधे दिसले की लगेच कळतं, हे माणूस आहे. पण बिनदिव्याच्या सायकलवाल्याला रेडियम दिसत नाही, म्हणून सगळ्यांत पुढे असेल तिच्या हातात बॅटरी. धावायचं उजव्या कडेने, म्हणजे गाडी समोरून येते. कानात गाणी नाहीत.

आता नजरांचं काय? पट्ट्या बांधायला मुली आधी तयारच नव्हत्या. "आम्ही लांबून ओळखू येऊ." मागे एकदा दोन मोटरसायकलवाले त्यांच्यामागे लागले होते, ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं की धावणं बंद, हे त्यांना पक्कं माहीत. आपण मुलींना 'बोला, बोला' म्हणतो, पण बोलण्याची किंमत त्याच मोजतात. आमचं असं ठरलं की तिघी-तिघींनी जायचं, गाडीचा नंबर मोठ्याने म्हणायचा, 112 ला फोन करायचा, आणि घरी सांगायला मी जायचं. दोन घरांत मला चहा मिळाला नाही. चालायचंच.

गावातले एक जाणते म्हणाले, मुलींनी अंधारात बाहेर पडूच नये. हा सल्ला जुनाच. लीड्स भागात बायकांचे खून होत होते, तेव्हा इंग्लंडच्या पोलिसांनीही बायकांनाच घरी थांबा म्हणून सांगितलं होतं. 12 नोव्हेंबर 1977 ला तिथल्या बायका रात्रीच्या मशाली घेऊन रस्त्यावर आल्या. लपल्या नाहीत.

आमच्याकडे मशाली नव्हत्या, महिला ग्रामसभा होती. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते, हे तुम्हाला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी नुसत्या सह्या घेतात. आम्ही दोनच ठराव मांडले: रस्त्यावर दिवे, आणि शाळेचं मैदान पहाटे पाचला उघडं. मैदानाची किल्ली मिळाली. सहा खांबांपैकी चारांवर दिवे लागले, त्यातला एक परवा पुन्हा गेला. अर्ज दिलाय.

माझ्या पिशवीत 3 मीटर पट्टी आणि कात्री आहे. जेवणाच्या सुट्टीत त्या खिडकीजवळ बसते. सुईदोरा ज्याचा त्याने आणा.