उथळ तळावरील लाट



पादरा समुद्रकाठी वसलेले नाही. तथापि तालुक्याच्या कडेने वाहणारी मही खंभातच्या आखातास मिळते, आणि भावनगरजवळ या आखातातील भरती-ओहोटीचा फरक १० मीटरांपर्यंत जातो. आखात आत चिंचोळे व उथळ होत असल्याने शिरलेल्या पाण्यास पसरावयास जागा उरत नाही. ते उंच चढते व नदीमुखात वेगाने घुसते.

अशा पाण्याचे तरुणांना आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. १९५५ साली जॅक चर्चिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने सेव्हर्न नदीत भरतीच्या लाटेवर फळीवरून स्वारी केली. आज सर्फिंग या नावाने हा खेळ आपल्या किनाऱ्यांवरही रुजला आहे. परंतु खडकावर फुटणारी लाट आणि नदीत चढणारी लाट यांत मोठा भेद आहे. खडकाजवळ बहुधा खोल पाण्याची वाट असते; तिने आत जाता येते व थकल्यावर परतता येते. नदीत मागून येणारे पाणी माणसास वर ओढीत नेते, आणि पहिली लाट गेली म्हणजे धोका टळला असे होत नाही.

म्हणून जाणत्याने प्रथम ओहोटीच्या वेळी काठावरून तळ पाहावा. खडक वा दांडे कोठे आहेत हे कळल्यावाचून उतरू नये. पडताना सूर मारू नये. अंग पसरून उथळ पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे. पायास बांधलेली फळीची दोरी खडकात अडकल्यास चटकन सोडता आली पाहिजे. नवशिक्याने मात्र खडकाळ जागी जाऊच नये. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत मोठी असते, आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालच्या वेळेवर विसंबून चिखलात गेलेला मनुष्य, मग तो खेळाडू असो की मासेमार, भरतीच्या तावडीत सापडतो.

हे ज्ञान नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचच्या खाडीचे वर्णन आहे. अमावास्येस येणाऱ्या भरतीचा आवाज दूरवरच्या सैन्याच्या आरोळीसारखा भासतो, असे त्याचा कर्ता म्हणतो. परदेशी गलबते एकटी आत शिरत नसत. राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी होड्या घेऊन सामोरे जात, दांडे चुकवीत त्यांना ओढून आणीत, आणि ओहोटी लागताच खोल डोहात नांगरून ठेवीत.