गुरूचे मत नाकारणारे शिष्य : मिलेटसचे निसर्गचिंतक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून एक तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले घरी येतात आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. ग्रहण असो वा मुहूर्त असो, ‘हे कशावरून?’ असे विचारतात. ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. वडिलांचा शब्द जेथे खाली पडू दिला जात नाही त्या घराला एक स्थैर्य असते, आणि ते आम्हांसही प्रिय आहे. तथापि आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे, तो विज्ञानाच्या प्रारंभाचा विषय नेमका याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो. म्हणून आपण थोडे दूर आणि बरेच मागे जाऊ.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस नावाचे एक ग्रीक नगर होते. मिअँडर नदीच्या मुखाजवळचे हे भरभराटीचे बंदर. नदीच्या गाळाने समुद्र मागे हटत गेला, आणि आज त्या नगराचे अवशेष किनाऱ्यापासून काही मैल आत, शेतजमिनीत उभे आहेत. या प्रदेशाला आयोनिया म्हणत. इराणी लोकांनी त्याचे ‘यौन’ केले आणि आपण ‘यवन’. कार्ल्याच्या लेण्यांतील स्तंभांवर दान देणाऱ्यांच्या नावांपुढे हाच शब्द कोरलेला आहे. पुढे त्याचा अर्थ पालटत गेला, ती कथा निराळी.

या नगरात इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या प्रारंभी थेलीज नावाचा पुरुष होऊन गेला. इ. स. पूर्व ५८५ मधील सूर्यग्रहणाचे भाकीत त्याने केले होते असे हिरॉडोटस सांगतो. अनेक आधुनिक पंडितांना ते खरे वाटत नाही, आणि आमच्या मते त्यावाचून त्याची थोरवी काही उणी होत नाही. सर्व वस्तूंचे मूळ पाणी आहे आणि पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगते, हे त्याचे मत अॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. बी ओले असते, अन्नात ओलावा असतो, यावरून त्याला हे सुचले असावे, असा तर्कही अॅरिस्टॉटलच करतो. भूकंप का होतो? ग्रीक लोक म्हणत, समुद्रदेव पोसायडन कोपला म्हणून. थेलीज म्हणाला, खालचे पाणी हेलकावले की नाव हलते, तशी पृथ्वी हलते. त्याचे हे मत पुढे रोमन लेखक सेनेका याने सांगितले आहे.

हे उत्तर चुकीचे आहे, हे आज शाळेतील मूलही सांगेल. परंतु त्या उत्तराची जात निराळी आहे. (सभा ज्ञातीची असल्यामुळे हा शब्द ओठांवर आला, श्रोत्यांनी क्षमा करावी.) देवाचा कोप कोणी तपासू शकत नाही. पाण्यावर तरंगण्याचे मत मात्र तपासता येते, त्यावर शंका घेता येते, आणि ती शंका घेणारा मनुष्य दूर शोधावा लागला नाही.

अनॅक्झिमँडर हा त्याच नगरातला, परंपरेनुसार थेलीजचा शिष्य. त्याने गुरूचे मत सांभाळून त्यावर टीका लिहिली नाही. ते बाजूला ठेवले. पाणी हे मूळ मानले तर त्याच्या विरुद्ध असलेला अग्नी कोठून आला? तेव्हा मूळ तत्त्व कोणत्याही एका रूपाचे नसावे, ते अमर्याद असावे, असे तो म्हणाला. पण आम्हांस त्याचे दुसरे धाडस अधिक मोठे वाटते. पृथ्वी कशावरही टेकलेली नाही, असे त्याने सांगितले. ती स्तंभाच्या घडीव तुकड्यासारखी आहे, तिची जाडी रुंदीच्या एकतृतीयांश आहे, तिच्या एका सपाट तोंडावर आपण राहतो, आणि ती अवकाशात नुसती स्थिर आहे. पडत का नाही? कारण सर्व बाजूंपासून ती सारख्याच अंतरावर आहे. एकीकडे जावे आणि दुसरीकडे जाऊ नये, असे काही कारणच नाही.

बंधुभगिनींनो, या विचाराची किंमत नीट ओळखली पाहिजे. हातातली वस्तू सोडली की खाली पडते, हा जन्मापासूनचा अनुभव. त्या अनुभवाविरुद्ध, केवळ युक्तिवादाच्या बळावर, एका माणसाने सबंध पृथ्वीखालचा आधार काढून घेतला. शेषाच्या फणेवर पृथ्वी असल्याची कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. त्या शेषाला आधार कशाचा, आणि त्या आधाराला कशाचा, असे विचारत गेल्यास शेवट लागत नाही, म्हणून पृथ्वी स्वतःच्याच शक्तीने अवकाशात आहे असे मानावे, असे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त म्हटले आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. दोघांत सतराशे वर्षांचे अंतर. आणि भास्कराचार्यांची पृथ्वी गोल, तर अनॅक्झिमँडरची सपाट माथ्याची. परंतु आधारावाचून राहण्याचा निर्भयपणा दोघांचाही सारखाच.

याच अनॅक्झिमँडरने जगाचा नकाशा काढला. मनुष्याचे मूल फार काळ परस्वाधीन असते, म्हणून आरंभीची माणसे आजच्यासारखी जन्मती तर जगलीच नसती. ती प्रथम माशांसारख्या जीवांच्या पोटी वाढली असावीत, असाही तर्क त्याने केला. त्याच्या ग्रंथातील जेमतेम एक वाक्य आज उरले आहे.

तिसरा अनॅक्झिमिनीझ. तो अनॅक्झिमँडरचा शिष्य मानला जातो, आणि त्याने या गुरूचेही ऐकले नाही! मूळ तत्त्व हवा. ती विरळ झाली की अग्नी, दाट झाली की वारा, ढग, पाणी, माती, दगड, असे त्याचे मत. पुरावा म्हणून त्याने जे सांगितले ते श्रोत्यांनी बसल्या जागी करून पाहावे. ओठ आवळून तळहातावर फुंकर घाला, ती गार लागेल. तोंड उघडून श्वास सोडा, तो ऊन लागेल. यावरून दाबलेली हवा थंड होते असे त्याने ठरविले. खरे म्हणजे दाबाने हवा तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फुंकर गार लागते कारण ती भोवतालची गार हवा आपल्याबरोबर ओढून आणते. अर्थात निष्कर्ष फसला. परंतु ज्याचा पडताळा कोणालाही आपल्या तळहातावर घेता येतो, असा पुरावा पुढे करणे ही केवढी गोष्ट आहे!

असे हे तीन पुरुष एकाच नगरात, शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत होऊन गेले, आणि प्रत्येकाने मागच्याचे मत नाकारले. मात्र मागच्याने विचारलेला प्रश्न कोणीही टाकला नाही. जग कशाचे बनले आहे, हाच प्रश्न तिघांचा. आमच्या मते गुरुऋण फेडण्याची ही एक रीत आहे, आणि ती हलकी नव्हे. मतभेदापायी कोणी कोणास वाळीत टाकले, अशी नोंद कोठेही नाही.

इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराणी सैन्याने मिलेटस उद्ध्वस्त केले. पण विचार त्याआधीच किनाऱ्या-किनाऱ्याने पसरला होता. क्लाझोमेनी या आयोनियातल्याच गावचा अनॅक्झागोरस अथेन्सला जाऊन राहिला. सूर्य हा देव नसून तप्त दगड आहे, तो पेलोपोनीझ प्रांताहूनही मोठा आहे. चंद्राला स्वतःचे तेज नाही, ते सूर्याचे. चंद्र आड आला की सूर्यग्रहण आणि पृथ्वीची छाया पडली की चंद्रग्रहण, असे तो शिकवीत असे. इ. स. पूर्व ४६७ च्या सुमारास ईगोस्पोटामी येथे आकाशातून मोठा दगड पडला, तेव्हा आकाशात दगड आहेत हे त्याचे म्हणणे अनेकांना आठवले असेल.

अथेन्स हे त्या काळी विद्येचे माहेरघर, आणि नगराचा धुरीण पेरिक्लीझ हा त्याचा स्नेही. तरीही त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला. ज्या नगराने नाटके रचली, मंदिरे उभारली, त्या नगराला सूर्य दगड आहे हे ऐकवले नाही. त्याला अथेन्स सोडावे लागले. तो लॅम्प्सॅकस या दूरच्या गावी गेला आणि तेथेच वारला.

त्या गावाने त्याचा मान ठेवला. तुमच्यासाठी काय करावे, असे तेथील अधिकाऱ्यांनी त्यास अखेरीस विचारले, तेव्हा त्याने पुतळा मागितला नाही की देऊळ मागितले नाही. माझ्या मृत्यूच्या महिन्यात दरवर्षी मुलांना खेळायला सुटी द्यावी, एवढेच तो म्हणाला. डायोजीनीझ लेअर्शिअस हा चरित्रकार लिहितो की ती सुटी कित्येक शतकांनंतर, त्याच्या काळातही पाळली जात होती.