साधन बदलते तेव्हा किंमत कोण मोजतो?

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या वर्गाचे इतर विषय भाववाढ, बेकारी आणि नगरपालिकांचा कारभार हे आहेत. त्यांच्या पंक्तीला संकेतस्थळाच्या सॉफ्टवेअरचा विषय बसविल्याबद्दल काही मित्रांनी मला हटकले. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने यंत्राच्या गोष्टी कशाला कराव्यात, असा त्यांचा भाव होता. माझे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात उत्पादनाच्या साधनाचा आहे आणि सोलापूरला तो नवा नाही.

प्रथम घडले ते सांगतो. आपले संकेतस्थळ वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. आपले ठराव, पत्रके, जुन्या अंकांतील लेख हे सारे तेथे आहे. नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर वर्षानुवर्षे दिसत होती आणि आपण ती टाळत होतो. मजकूर चढविणारे आपले एक ज्येष्ठ साथी जुन्या पडद्याला सरावले होते. त्यांची गैरसोय नको, हा आपला हेतू चांगला होता. परंतु एके सकाळी आपल्या पानांवर जुगाराच्या जाहिराती झळकल्या. जुन्याच ठेवलेल्या एका जोडसाधनाच्या फटीतून कोणीतरी आत शिरले होते. मग धावपळ करून सारे अद्ययावत केले. मजकूर वाचला, पण माणूस गमावला. त्या साथींना लेख कोठे लिहावा हेच उमगेना. दोन आठवडे त्यांनी खटपट केली आणि ‘आता तरुणांनी पाहावे’ असे म्हणून येणे थांबविले. आपल्या जमाखर्चात या हानीची नोंद नाही.

पडदा बदलला तो का? ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘गुटेनबर्ग’ नावाचा नवा संपादक आला. पूर्वी एका कोऱ्या चौकटीत लेख सलग लिहिला जाई. आता प्रत्येक परिच्छेद, चित्र, मथळा हा स्वतंत्र ब्लॉक झाला. ज्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे आणि चित्रांचे ब्लॉक हाताळले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. पण कल्पना समजणे वेगळे आणि हाताला वळण लागणे वेगळे. या बदलाला जगभर विरोध झाला. अपंगांना सॉफ्टवेअर वापरता यावे म्हणून झटणाऱ्या गटाच्या प्रमुख रियान रीटवेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, नवी आवृत्ती निघण्यापूर्वीच, राजीनामा दिला. दृष्टिहीनांच्या अडचणी वेळीच विचारात घेतल्या गेल्या नाहीत, हे त्यामागचे दुःख होते.

आता सोलापूरकडे वळू. १८७७ साली येथे ‘जुनी मिल’ उभी राहिली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. आयुष्यभर कमावलेले हातातले कसब एका पिढीत कवडीमोल झाले आणि स्वतःच्या घरात विणणारा माणूस दुसऱ्याच्या शेडमध्ये मजुरीला उभा राहिला. कापड स्वस्त झाले हे खरे. पण त्या स्वस्ताईतील विणकराचा वाटा कोणी मोजला नाही. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जकार्डवर निघते, त्याच्या भोके पाडलेल्या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्याची पद्धत घेतली होती. म्हणजे संगणकाचे आणि आपल्या मागाचे गोत्र एकच आहे. तेव्हा मागाने शिकविलेला धडा संगणकापुढे विसरण्याचे कारण नाही.

तो धडा असा : नवे साधन फुकट मिळाले, तरी ते शिकण्याचे श्रम फुकट नसतात. वर्डप्रेसला दाम पडत नाही, म्हणून नवी आवृत्ती बिनखर्चाची, असे आपण मानतो. प्रत्यक्षात हा खर्च निर्णय घेणाऱ्याच्या अंगावर न पडता वापरणाऱ्याच्या अंगावर पडतो, आणि त्यातही जो वयस्क, जो इंग्रजी न जाणणारा, त्याच्यावर सर्वांत जास्त.

येथे मात्र गिरणीत आणि या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठा फरक आहे. गिरणी मालकाची होती. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून जी चळवळ उभारली, तिच्या परवान्याखाली ते २००३ साली निघाले. ते वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या हक्काचे फळही दिसले. ज्यांना नवा संपादक मान्य नव्हता, त्यांनी ‘क्लासिकप्रेस’ ही वेगळी शाखा काढली. खुद्द वर्डप्रेसकडूनही ‘क्लासिक एडिटर’ हे जोडसाधन मिळते. ते बसविले की नव्या सुरक्षित आवृत्तीवरही जुना पडदा राहतो. शिवाय एकाने जुना आणि दुसऱ्याने नवा पडदा वापरण्याची सोयही त्यात करता येते. साथींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपल्या ज्येष्ठ मित्राला घरी बसावे लागले ते यंत्रामुळे नव्हे, आपल्या अज्ञानामुळे. सुरक्षितता आणि सवय यांपैकी एकच निवडावे लागेल, असे आपण गृहीत धरले आणि कोणाला विचारलेही नाही.

तरीही हक्क कागदावर असणे आणि सत्ता हाती असणे यांत अंतर असते, हे समाजवाद्यांना सांगायला नको. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या सूत्रधारांचा डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी वाद पेटला आणि नव्या आवृत्त्या जेथून मिळतात, ते दार त्या कंपनीला बंद झाले. भांडण दोन कंपन्यांचे, अडचण तिच्या ग्राहकांची. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ते दार पुन्हा उघडण्याचा अंतरिम आदेश दिला. आज्ञावली सर्वांची असली, तरी वाटपाची किल्ली थोड्यांच्या हाती राहू शकते. सहकारी कारखाना सभासदांचा असतो, तो चालवतो कोण, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांनाच ठाऊक आहे. सभासद सभेला गेला नाही की मालकी नावापुरती उरते.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, नवी आवृत्ती टाळू नये. पण चढविण्यापूर्वी फायली आणि माहितीसाठा या दोहोंची प्रत वेगळी ठेवावी आणि प्रयोग आधी त्या प्रतीवर करावा. दुसरी, संकेतस्थळाच्या किल्ल्या एका उत्साही मुलाच्या खिशात न राहता संघटनेच्या दप्तरी असाव्यात व किमान तिघांना काम यावे. तिसरी, पडदा बदलणार असेल तर जो रोज त्यावर बसतो, त्याला आधी विचारावे, शिकायला सवड द्यावी आणि कोणते बटण कोठे गेले याचे एक साधे मराठी टिपण काढावे. चौथी, वर्डप्रेसचा मराठी अनुवाद स्वयंसेवक करतात. आपल्यातील भाषेच्या जाणकारांनी त्यात हात घालावा. कामगाराला समजेल असा शब्द पडद्यावर यावा असे वाटत असेल, तर तो शब्द सुचविण्याचे काम आपलेच आहे.

बदलाला नुसता विरोध करणे हे आपले धोरण कधीच नव्हते. बदलाचा भार कोणावर पडतो, हे विचारणे आणि तो वाटून घेणे हे आपले धोरण आहे. गिरण्यांच्या काळी हा प्रश्न विचारण्यासाठी संप करावे लागले. आज, निदान आपल्या घरात, त्यासाठी एक संध्याकाळ पुरेशी आहे. वर्ग संपल्यावर आपण त्या ज्येष्ठ साथींच्या घरी जाणार आहोत. जुना पडदा परत बसविला आहे, एवढे त्यांना सांगायचे आहे. आणि नवा पडदा शिकायचा असेल तर शेजारी बसायला मी तयार आहे. मलाही तो अजून नीट येत नाही.