पाळणा हलण्याआधी



आज आम्ही वजनाविषयी बोलणार आहोत. दिवस गेल्यावरच्या नव्हे, त्याच्या आधीच्या.

सुनेला दिवस गेले की घरात तिचे डोहाळे पुरवतात. चांगलंच आहे. पण पाळी चुकली हे ध्यानात येतं, तेवढ्यात बाळाच्या मेंदूचा आणि कण्याचा पाया पडायला लागलेलाही असतो. त्या वेळी त्याला आईच्या अंगात आधी साठलेलं असेल तेच मिळतं. पेरणी झाल्यावर कुणी रान नांगरायला जातं का?

मग वजन किती हवं? पाच फूट उंचीच्या बाईचं साधारण ४३ ते ५३ किलो. पुढं दर इंचाला दीड-दोन किलो धरा. यापेक्षा फार कमी भरलं तर मूल अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोंहून हलकं होण्याची भीती. फार जास्त भरलं तर गरोदरपणी रक्तदाब आणि साखर वाढण्याची. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाचांतली एक बाई रोड आढळली, आणि जवळजवळ चारांतली एक जाड.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात एक प्रयोग झाला. बायांना दिवस जाण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं भारी भरली. अगदी रोड बायांच्या बाळांत मात्र हा फरक दिसला नाही. आम्हाला वाटतं, खंगलेल्या देहाला तीन महिने पुरत नाहीत.

काही सासवा म्हणतात, कमी खा, मूल लहान राहील, सुटका लवकर होईल. हे ऐकू नका. आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही रीत तर मोडाच. डाळ, भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं. धन्याच्या पंगतीलाच बसून खा. वजन जास्त असेल तर साखर, तळण कमी करा, चालणं वाढवा; पण हे दिवस जाण्याआधी. पोटुशी असताना उपाशी राहू नये.

मूल हवं असं ठरलं की फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांविषयी उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. तिथं वजनकाटाही असतो. चपला काढून उभ्या राहा आणि आकडा वहीत लिहा. लिहायला तर आता येतंच. पुढच्या महिन्यात पुन्हा जा.