संघात जागा आणि कप्तानपद

पावसाळा सरला, भाताची कापणी उरकली, की आपल्या कुडाळ तालुक्यात रिकाम्या मळ्यांवर टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने सुरू होतात. वाडीविरुद्ध वाडी, गावाविरुद्ध गाव. या सामन्यांविषयी एक समजूत आपण न तपासता बाळगून असतो. मैदानावर जातपात चालत नाही, ज्याचा हात चालतो तो संघात येतो, असे आपण म्हणतो. ती समजूत कितपत खरी आहे, हे पाहायला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन मोठ्या स्पर्धा उपयोगी पडतात. एक अमेरिकेतल्या बेसबॉलची ‘वर्ल्ड सिरीज’ आणि दुसरी मुंबईचे तिरंगी व पुढे चौरंगी म्हणून गाजलेले क्रिकेट सामने. त्यांवरून मला असे दिसते, की गुणी खेळाडूला संघाचे दार उघडते ते कोणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. त्याला बाहेर ठेवले तर आपण हरू, अशी धास्ती असली तरच ते उघडते. आणि ज्या ठिकाणी हरण्याची धास्ती पोचतच नाही, तिथले दार भांडून उघडावे लागते.

आधी अमेरिकेकडे पाहू. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगमधले विजेते एकमेकांशी भिडले ते १९०३ साली. बोस्टनने पिट्सबर्गचा पाच विरुद्ध तीन सामन्यांनी पराभव केला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सने नव्या लीगच्या विजेत्याशी खेळायलाच नकार दिला, म्हणून मालिका झाली नाही. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र हाच जायंट्स संघ फिलाडेल्फियाशी खेळला आणि चार विरुद्ध एक असा जिंकला. त्या मालिकेत ख्रिस्टी मॅथ्यूसन या गोलंदाजाने सहा दिवसांत तीन पूर्ण सामने टाकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. बेसबॉलच्या इतिहासात त्या पराक्रमाचे नाव आजही आदराने घेतात. जायंट्सचे व्यवस्थापक होते जॉन मॅग्रॉ. जिंकण्यासाठी काहीही करणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. चार वर्षांपूर्वी, १९०१ साली, बाल्टिमोरच्या संघात असताना त्यांनी चार्ली ग्रँट या कृष्णवर्णीय खेळाडूला ‘टोकोहामा’ असे नाव देऊन, तो चेरोकी आदिवासी असल्याचे भासवून संघात घेण्याचा प्रयत्न केला होता. शिकागोच्या संघाचे मालक चार्ल्स कॉमिस्की यांनी हरकत घेतली आणि बेत फसला. म्हणजे जिंकण्याची भूक होती, गुणाची पारखही होती. तरी दार उघडले नाही.

याचे कारण मॅग्रॉच्या स्वभावात शोधून सापडणार नाही, ते स्पर्धेच्या रचनेत आहे. दोन्ही लीगमधले सगळे संघ मूठभर मालकांचे होते आणि कृष्णवर्णीय खेळाडू कोणीच घ्यायचा नाही, असा त्यांचा कागदावर न उतरलेला करार होता. सगळ्यांनीच नियम पाळला की कोणाचेच नुकसान होत नाही. चांगला गोलंदाज बाहेर राहिला, पण तो प्रतिस्पर्ध्याकडेही गेला नाही, मग तोटा कसला? बाहेर ठेवलेल्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या आणि १९२४ साली स्वतःची वेगळी ‘वर्ल्ड सिरीज’ भरवली. कॅन्सस सिटी मोनार्क्सने ती जिंकली. मोठ्या लीगचे कुंपण तुटले ते थेट १९४७ साली, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा.

आता मुंबईकडे. १८९२ पासून तिथे युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होत. १९०६ च्या फेब्रुवारीत, मॅथ्यूसनच्या त्या पराक्रमानंतर अवघ्या चार महिन्यांनी, हिंदूंचा संघ बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. या विजयाचा मोठा वाटा होता पालवणकर बाळू या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा. पालवण हे कोकणातले गाव, त्यावरून हे आडनाव. बाळूंचे वडील लष्करी नोकरीत होते, त्यामुळे जन्म धारवाडचा आणि बालपण पुण्यात. जातीने चांभार. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम त्यांना महिना चार रुपयांवर होते. साहेबलोकांना सरावासाठी गोलंदाजी करायला त्यांना सांगत, फलंदाजी करायला मात्र कधी सांगितले नाही. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले तेही वाद घालून. घेतल्यावरही चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात, आणि जेवणाचे पान वेगळे. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, अशी न्यायमूर्ती रानड्यांनी या खेळाडूंची जाहीर कानउघाडणी केली होती.

हिंदू क्लबाने बाळूंना का घेतले? पुण्याच्या सनातनी मंडळींचे मन एकाएकी पालटले, असे म्हणायला काहीही आधार नाही. ते पालटले असते तर चहा तंबूत आला असता. खरे कारण असे, की समोर युरोपियन आणि पारशी होते, आणि ‘तुम्हीही आपले काही गुणी लोक बाहेर ठेवा’ असा करार त्यांच्याशी होणे शक्यच नव्हते. अमेरिकेतल्या मालकांकडे असा करार होता, पुण्या-मुंबईच्या हिंदू जिमखान्यांकडे नव्हता. बाळूंना घरी बसवले असते तर तोटा फक्त हिंदूंचा होता, आणि तो राज्यकर्त्यांसमोर, हजारो प्रेक्षकांसमोर, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दिसला असता. आणि पुढे १९०६ साली, स्वदेशीची चळवळ भरात असताना, हा तोटा कोणाला परवडणार होता? १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली, पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत त्यांचा जो सत्कार झाला, त्यातले मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते.

इतका पराक्रम असूनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधी मिळाले नाही, आणि इथे आपण त्या दुसऱ्या दारापाशी येतो. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि तिरंगीचे चौरंगी झाले. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत असे चारही भाऊ या सामन्यांत खेळले. कप्तान मात्र दरवर्षी दुसरेच कोणी. हे कसे? गोलंदाजाने घेतलेले बळी मोजता येतात. कप्तानाने काय केले ते मोजता येत नाही. बाळूंऐवजी दुसरा कप्तान केल्याने सामना गेला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. म्हणजे इथे हरण्याची धास्ती पोचतच नव्हती. निर्णय होत होता जिमखान्याच्या बंद खोलीत, जिथे युरोपियन नव्हते, पारशी नव्हते, प्रेक्षक नव्हते आणि पालवणकरही नव्हते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो त्या काळातही घेतला जाई. कप्तानाला इंग्रजी हवे, शिक्षण हवे, राज्यपालांशी चार शब्द बोलता आले पाहिजेत, आणि बाळू फारसे शिकलेले नव्हते. कप्तानपद म्हणजे नुसती गोलंदाजी नव्हे, हे मान्य. पण ज्यांना ते पद मिळाले त्यांनीच हा आक्षेप मोडून काढला आहे. १९१३ साली कप्तान म्हणून आपल्या ज्ञातीने केलेल्या सत्कारात एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. पै हे गौड सारस्वत ब्राह्मण. त्यांना हे बोलून मिळवायचे काहीच नव्हते, म्हणून त्यांची साक्ष मला वजनदार वाटते. दुसरे असे, की धाकटे विठ्ठल हे त्या पिढीतले हिंदूंचे पहिल्या प्रतीचे फलंदाज होते, आणि त्यांनाही वर्षानुवर्षे डावललेच. एका भावाच्या बाबतीत शिक्षण हे कारण असेल, पण दुसऱ्याच्या वेळीही दार बंदच राहिले तर कारण शिक्षण नव्हे, जात हेच म्हणावे लागते.

मग ते उघडले कसे? १९२० साली बाळूंना संघातून वगळले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यापुरते कप्तानपद दि. ब. देवधरांना दिले. देवधर मोठे फलंदाज, पण विठ्ठल त्यांना ज्येष्ठ होते. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि त्यांनी आपली बाजू निवेदनाद्वारे लोकांपुढे मांडली. हा आमच्या जातीचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता हा हिंदू धर्मावरचा कलंक मानून तो दूर करण्याचे आवाहन होणार होते. बाहेरचे वातावरण असे तापलेले असताना जिमखान्याला बंद खोलीत बसून राहणे अवघड झाले. पुढच्या सामन्यात बाळू परत आले, उपकप्तान झाले, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही वेळ संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. एवढ्यासाठी पंधरा-वीस वर्षे! अखेर १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. पुढे १९२५ आणि १९२६ सालीही ती त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदूंकडे आली. पालवणकरांच्या हातात कप्तानपद गेले तर संघाचे काय होईल, या शंकेचे उत्तर या तीन विजयांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सामनेच मुळी धर्मावर उभे होते, त्यांतून समतेचा धडा कसला घ्यायचा? गांधीजींनी १९४० मध्ये या सामन्यांना विरोध केला, फाळणीच्या तोंडावर ते बंद झाले, आणि ते योग्यच झाले असे माझेही मत आहे. धर्मवार संघांची रचना किती तोकडी होती, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती होते. १९३७ साली ‘इतर’ लोकांचा पाचवा संघ निघेपर्यंत त्यांच्यासारख्यांना या सामन्यांत जागाच नव्हती. १९४३ च्या पंचरंगीच्या अंतिम सामन्यात हजाऱ्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने केल्या, आणि तरी त्यांचा संघ हिंदूंकडून एक डाव आणि ६१ धावांनी हरला. पण या आक्षेपाने माझा मुद्दा ढळत नाही. चौरंगी सामने समतेसाठी भरवले होते, असे मी म्हणतच नाही. नेमके उलटे आहे. ज्यांना समता नको होती, त्यांनाही हरण्याच्या भीतीने एक पाऊल टाकावे लागले, आणि पुढचे पाऊल त्यांच्याकडून टाकून घ्यावे लागले, एवढेच.

कोणी म्हणेल, एका कुटुंबावरून एवढा निष्कर्ष? कुटुंब एकच, हे खरे. म्हणूनच अमेरिकेकडे पुन्हा एकदा पाहावे लागते, कारण तिथेही हाच क्रम दिसतो. १९४७ चे दार उघडले ते ब्रँच रिकी या एका मालकाने करार मोडल्यामुळे. त्याआधी, १९४५ साली, न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वर्णभेद करण्याविरुद्ध कायदा केला होता आणि वर्तमानपत्रांतून दबाव वाढला होता. एकदा एका मालकाने करार मोडल्यावर बाकीच्यांना हरण्याची धास्ती पोचली, आणि कृष्णवर्णीय खेळाडू एकामागून एक संघांत आले. पण संघाचा व्यवस्थापक म्हणून पहिला कृष्णवर्णीय माणूस, फ्रँक रॉबिन्सन, नेमला गेला तो १९७५ च्या हंगामासाठी. खेळाडूपासून व्यवस्थापकापर्यंत अठ्ठावीस वर्षे! देश वेगळा, खेळ वेगळा, भेदाचे कारण वेगळे, तरी आधी मैदान आणि फार उशिरा अधिकार, हा क्रम तोच.

बाळूंच्या पुढच्या आयुष्यातही हा तिढा दिसतो. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि ते हरले. ज्या तरुणाने त्यांचे मानपत्र लिहिले होते, त्याच्याचविरुद्ध. बाळूंचा मार्ग संघात राहून हक्क मागण्याचा होता, आंबेडकरांचा वेगळा होता. कोणता बरोबर, याचा निकाल पंधरा मिनिटांच्या भाषणात लावायला मी धजत नाही. पण १९२० साली विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले नसते, तर १९२३ चे कप्तानपद आले असते असे मला वाटत नाही.

बाळू १९५५ साली वारले. विठ्ठलांनी आपले आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहून प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘माझे क्रीडा-जीवन’. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि क्रीडा मंडळांना माझी विनंती आहे, की हे पुस्तक शोधावे आणि वाचकांच्या हाती द्यावे. आणि यंदा जे श्रोते आपापल्या गावच्या निवड समितीवर बसतील, त्यांनी संघाची नावे लिहून झाल्यावर कप्तानाचे नाव कोणत्या कारणाने लिहिले, तेही चारचौघांत सांगावे.