कोपरा जोडणारं पहिलं मशीन



वऱ्हाडात भिंतीवर एकही तसबीर नाही असं घर शोधावं लागेल. शेगावचे गजानन महाराज, मोझरीचे तुकडोजी महाराज, बाबासाहेब, शिवाजी महाराज कुठे ना कुठे असतातच. 14 एप्रिल जवळ आला, किंवा 20 डिसेंबरची गाडगेबाबांची पुण्यतिथी आली, की फ्रेमवाल्याला जेवायलाही फुरसत नसते. हातोडी आणि बारीक खिळ्यांवर धंदा करणारा अशा वेळी मागे पडतो आणि जोडणीच्या मशीनची चौकशी सुरू करतो. आज बोलायचं ते त्याच्याशी.

या मशीनला बाजारात अंडरपिनर म्हणतात. तिरप्या कापलेल्या दोन पट्ट्या काटकोनात दाबून धरायच्या आणि खालून इंग्रजी व्ही आकाराची पत्र्याची पिन आत सारायची, एवढंच त्याचं काम. पिन मागच्या बाजूने जाते, म्हणून समोर डाग दिसत नाही. पण एक गैरसमज मोठा आहे. कोपरा धरतो तो मुख्यतः गोंद. पिन तो वाळेपर्यंत सांधा हलू देत नाही आणि पुढे आधार देते.

आणि कटाई वाकडी असेल तर मशीन काही करू शकत नाही. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप 45 ऐवजी साडेपंचेचाळीस अंशांचा पडला, तर तीन कोपरे दाबून जुळवल्यावर सगळी तफावत चौथ्यात जमा होते. ती होते तब्बल 4 अंश, म्हणजे डोळ्यांना दिसणारी फट. म्हणून माझं स्पष्ट मत: हाताशी पैसे बेताचे असतील तर जोडणीचं मशीन साधं घ्या आणि उरलेले चांगल्या कटरवर घाला. बरेच जण नेमकं उलट करतात.

साधं म्हणजे पायाने चालणारं. हवेवर चालणारं मशीन झपाझप काम करतं, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या दुकानदाराला विजेचं वेगळं सांगायला नको. पायाच्या मशीनचा दाब आपल्या हातात, म्हणजे पायात, असतो. नवख्याला पट्टी कुठे चिरते ते त्यावरच कळतं.

आता पट्टी. परतवाड्याच्या डेपोतल्या सागवानाची चौकट आणि सोनेरी नक्षीची प्लास्टिकची पट्टी यांना एकच पिन चालत नाही. कठीण लाकडाची पिन वेगळी, मऊ लाकडाची वेगळी. उंचीही 7, 10, 12, 15 मिलिमीटर अशी असते. पट्टीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवावी, नाहीतर टोक वर डोकावतं. जाड पट्टीत एकावर एक दोन पिना मारता येतात. ती सोय मशीनमध्ये आहे का ते पाहा. प्लास्टिकच्या पट्टीला लाकडाचा पांढरा गोंद धरतच नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे प्लास्टिक जोडणारा गोंदच हवा. काचेचं वजनही धरा: 2 मिलिमीटर काच चौरस मीटरला 5 किलो भरते. दोन फूट बाय तीन फुटांच्या तसबिरीत नुसती काचच पावणेतीन किलोच्या वर भरते. ते सगळं ओझं त्या सांध्यांवर येतं.

आपल्याकडचा उन्हाळाही विचारात घ्यावा लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. ओलसर राहिलेलं लाकूड तेव्हा रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि कोपरा आतल्या बाजूने उघडतो. मग गिऱ्हाईक विचारतं, “भाऊ, कोपरा काहून उघडला?” अशा वेळी मशीनला दोष देऊन उपयोग नाही. लाकूड आधीच नीट वाळलेलं हवं होतं.

भांडवल कमी पडत असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावात धंदा काढणाऱ्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्रकल्प अहवालात कटर, मशीन आणि पिनांचा सुरुवातीचा साठा, तिन्ही धरा. पिना लोक हमखास विसरतात.

खरेदीला जाताना आपल्याच दुकानातल्या पट्टीचे कापलेले तुकडे पिशवीत न्या, एक सागाचा, एक प्लास्टिकचा. विक्रेत्याने दाखवायला ठेवलेल्या मऊ पट्टीवर कुठलंही मशीन छान चालतं. आपले तुकडे जोडून घ्या, गुण्या लावा, कोपरा उलटा करून पिन पूर्ण आत गेली का बघा, मग दोन्ही हातांनी जरा पिळा. पिन ढकलणारी पाती आणि वरून दाबणारं रबर या दोन वस्तू झिजतातच. त्या सुट्या मिळतात का, अमरावती-अकोल्यात की नागपूरहून मागवाव्या लागतात, हे पैसे मोजण्याआधी विचारा. त्याच कंपनीची पिन लागते की दुसरीही चालते, तेही तिथेच विचारून घ्या.