दारात पडलेली काच

सोलापूरहून धाराशिवला येताना तुळजापूरचा घाट चढत होतो. मागे दमेकरी अम्मी, बाहेर पाऊस. बटण दाबलं अन् काच धाडकन दारात उतरली. मी बटण दाबतच राहिलो. आत मोटर नुसती घरघरत होती.

तुळजापुरात मेस्त्री म्हणाला, "चाचा, बटण सोडा आधी. आवाज येतोय, म्हणजे मोटर चांगली आहे. काच धरणारी क्लिप निसटलीय. उगीच दाबाल तर तार गुंतेल." आवाज बंद असता, तर आधी फ्यूज अन् बटण तपासलं असतं.

त्यानं दाराचं पॅड खोललं, काच दोन्ही तळव्यांनी वर सरकवली अन् चिकटपट्टीनं चौकटीला पक्की केली. "क्लिप उद्या बसवू. आजींना कोरडं घरी न्या."

घरघर ऐकून मी घाबरलो होतो. खरं तर तीच चांगली खबर होती.